खतावणीतली ओळ मुंबईत पोचते तेव्हा

एक्सेलच्या तक्त्यात एका घरात ०१/०४/२०१५ असे लिहिले आहे. गावच्या सोसायटीतला गटसचिव ते १ एप्रिल असे वाचतो. ज्या संगणकाची सेटिंग अमेरिकी पद्धतीची आहे तो मात्र आधी महिना आणि मग दिवस मोजतो, म्हणजे ४ जानेवारी. पडद्यावर काही लाल होत नाही, घंटा वाजत नाही. तारीख खरी असते, फक्त ती दुसऱ्याच दिवसाची असते.

हा फरक कुणाला नडतो? डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेची अट अशी होती: पीककर्ज १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात उचललेले असावे, ते ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत असावे आणि मुद्दल व व्याज मिळून रक्कम २ लाखांच्या आत असावी. पहिल्याच दिवशी, १ एप्रिलला, कर्ज उचललेल्या शेतकऱ्याची तारीख वाटेत ४ जानेवारी झाली, तर तो तीन महिन्यांनी मुदतीबाहेर पडतो. त्याने काही चुकवलेले नाही, गटसचिवाने काही लपवलेले नाही, बँकेनेही अडवलेले नाही. एक फाइल एका संगणकातून दुसऱ्या संगणकात गेली, एवढेच झाले आहे.

त्याहून चमत्कारिक गोष्ट पुढे आहे. ३०/०९/२०१९ ही तारीख अशी उलटत नाही, कारण तिसावा महिना नसतो. तेव्हा संगणक तिला तारीख मानतच नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवून देतो. परिणामी एकाच रकान्यात महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या तारखा उलटलेल्या आणि उरलेल्या मजकूर होऊन बसलेल्या, अशी सरमिसळ तयार होते. वरून पाहिले तर सगळे सारखेच दिसते.

गावातल्या हिशेबाच्या वहीपासून राज्याच्या मध्यवर्ती माहितीकोठारापर्यंत आकडा कसा जातो, हा विषय ऐकायला कोरडा आहे. पण महाराष्ट्राने, आणि त्यातही वऱ्हाडाने, तो अंगावर घेतला आहे. २००८, २०१७ आणि २०१९ अशा तीन मोठ्या कर्जमाफ्या झाल्या. तिन्ही वेळा प्रश्न पैशांचा होता तितकाच याद्यांचा होता.

अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून महाराष्ट्र या गावाला ओळखतो. आषाढीला इथून पंढरपूरला जाणारी रुक्मिणीची पालखी राज्यातल्या सर्वांत जुन्या पालख्यांत गणली जाते आणि तिची परंपरा १५९४ पासून सांगितली जाते. नदीपलीकडे वर्धा जिल्ह्यातला आर्वी तालुका. या पट्ट्यातली शेती मुख्यतः पावसावरची: कपाशी, सोयाबीन, तूर. मृग लागायच्या आत बी-बियाण्याला आणि खताला पैसा लागतो आणि तो बहुतेकांना पीककर्जातून मिळतो. इथल्या शेतकऱ्याची वारी जशी पंढरपूरला जाते, तशी त्याच्या कर्जाची नोंदही पायरी-पायरीने मुंबईपर्यंत जाते.

त्या पायऱ्या नीट पाहायला हव्यात, कारण चूक तिथेच शिरते.

सर्वांत खाली सेवा सहकारी सोसायटी. तिचा कारभार गटसचिव पाहतो आणि अनेकदा एकाच माणसाकडे दोन-तीन गावांच्या संस्था असतात. सभासदाने किती कर्ज उचलले, कधी भरले, व्याज किती चढले याची नोंद त्याच्या खतावणीत. वर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची शाखा. शाखा सोसायटीला कर्ज देते आणि सोसायटी सभासदाला. त्यामुळे अनेक ठिकाणी अशी स्थिती होती की बँक कोअर बँकिंगवर गेली, तिच्या संगणकात सोसायटीचे एकूण देणे पैशापैशापर्यंत दिसू लागले, पण त्या देण्यात कोणत्या सभासदाचे किती हे मात्र खतावणीतच राहिले. शाखेवर जिल्ह्याचे मुख्यालय, त्यावर राज्य सहकारी बँक आणि सहकार खाते. काही शेतकऱ्यांचे कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेत असते. तिचा संगणक वेगळा, खाते क्रमांकाची लांबी वेगळी, नाव लिहायची रीत वेगळी.

आता या सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचा आहे: राज्यात थकीत पीककर्जदार किती, कोण, आणि प्रत्येकाचे देणे किती? उत्तर एका जागी हवे. अशा एका जागेला संगणकाच्या जगात डेटा वेअरहाउस म्हणतात. आयबीएममधल्या बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी १९८८ मध्ये या कल्पनेची मांडणी केली आणि बिल इनमन यांच्या १९९२ च्या पुस्तकाने ती रूढ केली. रोजचा व्यवहार जिथे होतो तिथे तो होऊ द्यावा. तिथून ठराविक वेळी माहिती उचलावी, एका साच्यात आणावी, एका ठिकाणी साठवावी आणि प्रश्न त्या साठ्याला विचारावेत, असा त्याचा गाभा. उचलणे, साफ करून साच्यात बसवणे आणि भरणे, या तीन कामांपैकी मधलेच काम बहुतेक सगळा वेळ खाते.

माहिती उचलायचे सर्वांत हाताशी असलेले साधन म्हणजे स्प्रेडशीट. १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क आले, १९८५ मध्ये एक्सेल, आणि आज कुठल्याही कार्यालयात त्याशिवाय पान हलत नाही. एक्सेल माणसाला सोयीचे आहे याचे कारण ते माणसाला कुठेही काहीही लिहू देते. केंद्रीय कोठाराला नेमके तेच चालत नाही. तिथे प्रत्येक रकान्यात काय येणार हे आधी ठरलेले असावे लागते: इथे तारीख, इथे रक्कम, इथे बारा अंकी आधार क्रमांक. मोकळेपणाची सवय असलेला तक्ता आणि काटेकोर कोठार यांची गाठ पडते तिथे खरा कस लागतो.

२००८ मध्ये हा कस लागला तो बहुतांशी कागदावरच. केंद्र सरकारच्या त्या कृषी कर्जमाफीत याद्या शाखांनी तयार केल्या, मंजूर केल्या आणि रकमेची मागणीही त्यांनीच केली. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा त्या योजनेवरचा अहवाल २०१३ मध्ये संसदेपुढे आला. २५ राज्यांतल्या ९२ जिल्ह्यांमधली ९०,५७६ खाती तपासली होती आणि त्यांपैकी २२.३२ टक्के प्रकरणांत त्रुटी किंवा चुका आढळल्या. लाभ मिळालेल्यांतले ८.५ टक्के पात्रच नव्हते. त्याहून बोचणारा आकडा दुसरा आहे: लाभ न मिळालेली ९,३३४ खाती नऊ राज्यांत तपासली, तेव्हा त्यांतली १,२५७ खाती, म्हणजे १३.४६ टक्के, पात्र असूनही बँकांनी यादीत घेतलेली नव्हती. अपात्राला मिळालेला पैसा निदान नोंदीत सापडतो. पात्र असून सुटलेला माणूस नोंदीतच नसतो, म्हणून त्याला शोधायलाही कुणी जात नाही.

२०१७ मध्ये राज्य सरकारने उलट टोक गाठले. २४ जून २०१७ रोजी छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. ८९ लाख शेतकरी, ३४ हजार २२ कोटी रुपये, दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ. या वेळी बँकेच्या यादीवर एकट्या विसंबायचे नाही असे ठरले. शेतकऱ्याने स्वतः ऑनलाइन अर्ज भरायचा, बँकेने आपली माहिती वेगळी द्यायची, आणि दोन्हींचा मेळ संगणकाने घालायचा. कल्पना चांगलीच होती. दोन स्वतंत्र ठिकाणांहून आलेली माहिती जुळली तर ती खरी असण्याची शक्यता वाढते, हे हिशेबनिसाचे जुने शहाणपण आहे.

बँकांना दिलेल्या तक्त्यात ६६ रकाने होते. त्या पावसाळ्यात सहकारी बँकांच्या शाखांमधून आणि सोसायट्यांमधून ‘६६ कॉलम’ हा शब्द परवलीचा झाला होता. गटसचिवाने खतावणी उघडायची आणि एकेका सभासदाची ओळ भरायची: नाव, गाव, आधार, बचत खाते, कर्जाचा प्रकार, उचल, मुदत, मुद्दल, व्याज, पुनर्गठन झाले का, झाले तर कधी. खतावणीत ज्या गोष्टी कधी लिहिल्याच जात नव्हत्या त्यांचेही रकाने त्यात होते. रिकामे घर तक्ता स्वीकारत नसेल, तर भरणारा माणूस काहीतरी भरतो. जगभर कुठेही जा, सक्तीच्या रकान्याचा हा परिणाम चुकत नाही.

शिवाय योजनेचा हिशेब खात्यावर नव्हता, कुटुंबावर होता. पती, पत्नी आणि अठरा वर्षांखालची मुले मिळून एक कुटुंब आणि त्याला मिळून दीड लाखाची मर्यादा. बँकेला मात्र कुटुंब माहीतच नसते. तिच्याकडे खाते असते. नवऱ्याचे कर्ज सोसायटीत, बायकोचे राष्ट्रीयीकृत बँकेत, तर दोन ओळी एकाच घरातल्या आहेत हे कोणत्या रकान्यावरून कळणार? ते फक्त शेतकऱ्याच्या अर्जावरून कळणार होते. म्हणून लाखो माणसे आपले सरकार सेवा केंद्रांपुढे रांगेत उभी राहिली. सर्व्हर अडकत होता, अंगठा लागत नव्हता, आणि अर्जाची मुदत सप्टेंबरात वाढवावी लागली.

१८ ऑक्टोबर २०१७ रोजी, ऐन दिवाळीत, निवडक शेतकऱ्यांना प्रमाणपत्रे दिली गेली. त्यानंतर काही दिवसांतच याद्यांमधले घोळ बाहेर आले. एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकऱ्यांची नावे असल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून झळकल्या. पैसे खात्यात जायचे थांबले. मेळ बसलेल्यांची ‘ग्रीन लिस्ट’, माहिती अपुरी असलेल्यांची ‘यलो लिस्ट’ आणि न जुळणाऱ्यांचे ‘मिसमॅच’ असे शब्द चावडीवर रुळले. तालुक्याच्या समित्यांनी ते मिसमॅच एकेक करून सोडवण्यात पुढचे कित्येक महिने घातले.

असे का होते, हे तक्त्यात अगदी जवळ जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही.

आधार क्रमांक बारा अंकी आहे. एक्सेलच्या साध्या घरात बारा अंकी संख्या टाकली की ती पडद्यावर १.२३४५७ई+११ अशी आखडून दिसू शकते. आत पूर्ण क्रमांक शाबूत असतो. पण फाइल सीएसव्ही या साध्या मजकुराच्या प्रकारात जतन केली, तर जे दिसते तेच लिहिले जाते. मग क्रमांकाचे शेवटचे आकडे कायमचे जातात आणि सारखी सुरुवात असलेले वेगवेगळे क्रमांक एकसारखे होऊन बसतात. बँक खात्याची गोष्ट याहून वाईट. एक्सेल कुठल्याही संख्येचे फक्त १५ अंक जपते. सोळा किंवा सतरा अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून टाकला, तर पंधराव्यानंतरच्या अंकांच्या जागी शून्ये येतात. एकाच शाखेतल्या खात्यांचे सुरुवातीचे अंक सारखेच असतात आणि फरक शेवटच्या अंकांत असतो. म्हणजे ज्या अंकांनी एका शेतकऱ्याला दुसऱ्यापासून वेगळे ओळखायचे, नेमके तेच पुसले जातात. आणि खाते क्रमांकाच्या सुरुवातीला शून्य असेल तर ते पहिल्याच एंटरला गळून पडते.

उपाय साधा आहे. क्रमांक भरायच्या आधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करून ठेवायचा. आधार असो, खाते असो, गट क्रमांक असो, ज्यांची कधी बेरीज करायची नाही त्या संख्या नव्हेतच, ती नावे आहेत. कोणत्याही आदर्श नमुना-तक्त्यात हे आधीच बांधून दिलेले असायला हवे. गटसचिवाला ते आठवत बसायला लावणे हा तक्ता बनवणाऱ्याचा दोष आहे.

नावांची अडचण संख्यांपेक्षा खोल आहे. वऱ्हाडात वानखडे, घाटावर वानखेडे. इंग्रजीत तोच माणूस कधी एका ‘ए’ने तर कधी दोन ‘ए’ने लिहिला जातो. सातबाऱ्यावर वडिलांचे नाव मध्ये, पासबुकावर फक्त आद्याक्षर, आधारवर आडनाव शेवटी, सोसायटीच्या वहीत आडनाव आधी. एका गावात एकाच नावाचे तीन सभासद असणे नवलाचे नाही, आणि गावात त्यांना ओळखायला लोक आजोबाचे नाव किंवा वाडीची दिशा सांगतात. तो रकाना कोणत्याच तक्त्यात नसतो. गावाच्या नावाचेही तेच. कौंडण्यपूर हेच कौंडिण्यपूर आणि कुंडिनपूर असेही लिहिले जाते. संगणकाला ही तीन गावे आहेत. म्हणूनच केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला आणि प्रत्येक ग्रामपंचायतीला स्वतंत्र संकेतांक दिलेला आहे. तक्त्यात गावाचे नाव वाचायला ठेवावे, जुळवायला संकेतांक वापरावा.

मराठीची म्हणून एक वेगळी अडचण आहे आणि ती बाहेरच्या सल्लागारांच्या ध्यानात लवकर येत नाही. वर्षानुवर्षे सहकारी संस्थांचे मराठी टायपिंग कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टांत झाले. त्यांत संगणकाच्या आत साठते ती इंग्रजी अक्षरेच, फक्त दिसतात मराठी. फाइल युनिकोडच्या कोठारात गेली की नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गुंता उरतो. देवनागरी आकडे आणि इंग्रजी आकडे यांचेही तसेच: माणसाला दोन्ही सारखे, पण यंत्राच्या लेखी ती वेगळी चिन्हे. रकमेच्या रकान्यात एकाने मराठी आकड्यांत रक्कम लिहिली आणि आयात करणाऱ्या प्रणालीत ती ओळखायची सोय नसेल, तर ती रक्कम बेरजेत येतच नाही.

या सगळ्याची तोड माहितीच्या कोठाराचे काम करणाऱ्यांनी केव्हाच शोधून ठेवली आहे. ती अशी की आलेला तक्ता थेट कोठारात घ्यायचाच नाही. आधी तो जसाच्या तसा, अक्षरही न बदलता, एका वेगळ्या जागी उतरवून घ्यायचा. त्या जागेला ते ‘स्टेजिंग’ म्हणतात. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही: खरेदी केंद्रावर कापसाची गाडी आली की ग्रेडर आधी हात घालून ओल पाहतो, मगच माल गंजीवर जातो, कारण ओला कापूस एकदा गंजीत गेला की कोणत्या गाडीतला होता ते सांगता येत नाही आणि शेजारचाही खराब होतो. स्टेजिंगमध्ये प्रत्येक ओळ तपासायची. आधारचे अंक बारा आहेत का? त्याचा शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून काढलेला असतो, तो जुळतो का? कर्जाची तारीख मुदतीत आहे की नाही हे ठरवण्याआधी ती तारीख आहे का? मुद्दल आणि व्याजाची बेरीज शेवटच्या रकान्याशी जुळते का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सोसायटीच्या सगळ्या सभासदांची बेरीज बँकेच्या संगणकातल्या सोसायटीच्या देण्याशी जुळते का? जुन्या मुनिमांच्या ताळमेळाचाच हा नवा अवतार.

नापास ओळीचे काय करायचे, यावर सगळे अवलंबून आहे. तिला गुपचूप वगळले तर यादी स्वच्छ दिसते आणि माणूस हरवतो. इंग्लंडने हे २०२० मध्ये पाहिले. कोविडच्या चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळांकडून मजकुराच्या फाइलींत येत होते आणि सार्वजनिक आरोग्य खात्यात ते एक्सेलच्या जुन्या, एक्सएलएस प्रकारच्या फाइलीत ओढले जात. त्या जुन्या प्रकारात एका पानावर ६५,५३६ ओळीच मावतात. त्यापुढच्या ओळी निमूटपणे गळून पडल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यातले १५,८४१ बाधित राष्ट्रीय आकडेवारीतून सुटले आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला उशीर झाला. ‘किती ओळी निघाल्या आणि किती पोचल्या’ एवढे एकच मोजले असते, तर हे त्याच संध्याकाळी कळले असते.

म्हणून नापास ओळ परत जायला हवी, आणि ती ज्याने लिहिली त्याच्याकडेच जायला हवी. मुंबईत बसून नाव दुरुस्त करता येत नाही. तिथल्या ऑपरेटरला वानखडे बरोबर की वानखेडे हे ठाऊक असायचे कारण नाही. गटसचिवाला ठाऊक असते. आणि त्याच्याहूनही पक्के ठाऊक असते ते खुद्द वानखड्यांना.

२०१९-२० च्या योजनेचे खरे यश इथे आहे, आणि त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी झाली नाही. या वेळी शेतकऱ्याला अर्ज भरायला लावला नाही. हिशेब कुटुंबाचा न ठेवता एकेका शेतकऱ्याचा ठेवला, त्यामुळे बँकांकडे नसलेली माहिती बँकांना विचारावी लागली नाही. बँकांनी आधार जोडलेल्या कर्जखात्यांची माहिती पोर्टलवर चढवली. तक्ता आधीच्या ६६ रकान्यांच्या मानाने बराच आटोपशीर होता. मग प्रत्येक खात्याला एक विशिष्ट क्रमांक देऊन याद्या गावोगाव लावल्या: ग्रामपंचायतीत, चावडीवर, बँकेच्या शाखेत. शेतकऱ्याने आधार कार्ड आणि पासबुक घेऊन सेवा केंद्रात जायचे, अंगठा द्यायचा आणि पडद्यावर आपली ओळ पाहायची. हे नाव माझे, हे खाते माझे, एवढे देणे मला मान्य, असे म्हटले की रक्कम बँकेकडे वळती. मान्य नसेल तर तसे सांगायची सोय तिथेच होती, आणि तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जायची.

पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० रोजी लागली ती सगळ्या राज्याची नव्हती. ६८ गावे, १५,३५८ शेतकरी. आधी थोड्यावर पडताळून पाहायचे आणि मग पसरायचे, हा संगणकशास्त्रातला जुना रिवाज एका सरकारी योजनेने पाळला. दुसरी, मोठी यादी आठवड्याच्या आतच आली. पुढे या योजनेतून ३० लाखांहून अधिक खात्यांना लाभ मिळाला.

अंगठ्याची अडचण होतीच. कपाशी वेचून आणि डवरे धरून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि बोट टेकवायचे कामच थांबले. खरीप तोंडावर आला, थकबाकी खात्यावर तशीच, आणि थकबाकीदाराला नवे कर्ज मिळत नाही. तेव्हा मे २०२० मध्ये सरकारने एक निर्णय घेतला: यादीत नाव असून रक्कम न मिळालेल्या शेतकऱ्याच्या खात्यावर बँकांनी ती थकबाकी ‘शासनाकडून येणे’ अशी दाखवावी आणि त्याला नवे पीककर्ज द्यावे. पैसा त्या दिवशी कुठेच हलला नाही. बदलला तो एका रकान्यातला मजकूर. पण त्या एका नोंदीने माणूस थकबाकीदाराचा पुन्हा कर्जाला पात्र झाला. आर्थिक माहितीच्या नोंदीत शब्दाची निवड किती नाजूक असते, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

तरीही एक गोष्ट कोणताही तक्ता पकडू शकला नाही, आणि ती सहकारातल्या प्रत्येकाला माहीत आहे: ‘नवं-जुनं’. ३१ मार्चच्या आत जुने कर्ज भरल्याचे दाखवायचे, लगेच नवे उचलल्याचे दाखवायचे. कधी सावकाराकडून चार दिवसांची उचल घेऊन, तर कधी नुसत्या कागदावर. सोसायटीची वसुली चांगली दिसते, शेतकऱ्याची व्याजाची सवलत टिकते. पण देणे तेवढेच राहते. अशा शेतकऱ्याची ओळ तक्त्यात ‘नियमित’ म्हणून येते, आणि शेजारी, ज्याने भरले नाही, तो ‘थकीत’. कर्जमाफी थकीताला मिळते. २०२२ मध्ये नियमित परतफेड करणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहनपर रक्कम मिळाली तेव्हा या वर्गाला थोडा दिलासा मिळाला, पण हिशेब बरोबरीचा झाला नाही. इथे आयात निर्दोष असते, तारीख बरोबर, रक्कम बरोबर, बेरीज जुळलेली. खतावणीतच जे लिहिलेले नाही ते कोठारात येणार कुठून?

म्हणून आता सगळ्यांचे लक्ष खतावणीकडे वळले आहे, आणि ते योग्य आहे. जून २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. खर्च २,५१६ कोटी रुपये. महाराष्ट्रातल्या १२ हजार संस्था त्यासाठी ठरल्या. नाबार्डच्या देखरेखीखाली सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर. यातून एक्सेलचा मधला टप्पाच हळूहळू गळेल: सोसायटीत नोंद झाली की ती वर दिसेल, कुणाला ६६ रकाने भरत बसावे लागणार नाही. पण पहिल्या दिवशी त्या सॉफ्टवेअरमध्ये काय भरायचे? प्रत्येक सभासदाची सुरुवातीची बाकी, आणि ती येणार जुन्याच वहीतून. ही एकच आयात पुढच्या सगळ्या वर्षांचा पाया ठरणार आहे. ती घाईत उरकली, तर वहीतली चूक यंत्राचा शिक्का घेऊन पक्की होईल.

दुसरीकडे ॲग्रिस्टॅक या शेतीविषयक डिजिटल योजनेतला शेतकरी ओळख क्रमांक आला आहे. एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांसाठी तो आवश्यक केला गेला. सातबारा आणि आधार त्याने बांधले जातात, त्यामुळे नाव जुळवण्याचा निम्मा त्रास कमी होईल. कर्जखातेही त्याला जोडले गेले, तर नदीच्या अलीकडे एका बँकेत आणि पलीकडे दुसऱ्या जिल्ह्यातल्या बँकेत कर्ज असलेला माणूस एकच आहे हे अंदाज न करता कळेल.

हे सगळे आता पुस्तकी राहिलेले नाही. जून २०२५ मध्ये तिवसा तालुक्यातल्याच गुरुकुंज मोझरीत शेतकरी नेते बच्चू कडू यांनी कर्जमाफीसाठी अन्नत्याग आंदोलन केले. ऑक्टोबरअखेरीस राज्य सरकारने प्रवीण परदेशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेण्याचे जाहीर केले. निर्णय काहीही असो, याद्या लागतीलच, आणि त्या त्याच खतावण्यांतून, त्याच शाखांमधून वर जातील.

त्यासाठी थांबायचे कारण नाही. सोसायटीची वार्षिक सभा कायद्याने ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्या सभेत ताळेबंदाबरोबर प्रत्येक सभासदाला त्याच्या खात्याचा उतारा हातात द्यावा: उचल, उचलीची तारीख अक्षरी महिन्यासह, भरणा, बाकी, आधारवरचे नाव, बचत खात्याचा पूर्ण क्रमांक. सभासदाने तो पासबुकाशी आणि सातबाऱ्यावरच्या बोज्याशी ताडून पाहावा. चूक असेल तिथे त्याच कागदावर लिहून सही करावी, आणि गटसचिवाने त्याची पोच द्यावी. अशा सहीच्या उताऱ्यावरून भरलेली ओळ पुढे कुठल्याही संगणकात गेली, तरी तिच्याबद्दल वाद झाल्यास मूळ कागद गावातच सापडेल.